जोखमीचें बाळंतपण आणि थोडक्या साधनांचें रुग्णालय

पुण्याहून मुंबईकडे जाणारा रस्ता आणि नाशिकहून येणारा रस्ता हे दोन्ही जेथें एकमेकांस मिळतात, त्या फांट्यावर कासारवाडी वसलेली आहे. नांव ऐकतांच बांगड्यांचे हारे व तांब्यापितळेचीं भांडीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु आजची कासारवाडी म्हणजे रेल्वेचें स्टेशन, मेट्रोचें स्टेशन, दुमजली उड्डाणपूल आणि अहोरात्र चालणारी वाहनांची वर्दळ. भोसरी, मोशी व चाकण या बाजूच्या कारखान्यांतील माल याच फांट्यावरून बाहेर पडतो. आणि त्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांच्या घरांतील अडलेली बाळंतीणहि पुष्कळदां याच फांट्यावरून येते. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयांत जिचें काम भागण्यासारखें नसतें, तिच्यासाठीं पिंपरीच्या संत तुकाराम नगरांतील महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय हा मोठा आधार आहे, आणि तें कासारवाडीहून जवळच आहे. चाकणपासून येथवरचें अंतर वीस किलोमीटरांच्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर तें फार नव्हे; पण कारखान्यांची पाळी सुटण्याच्या वेळीं त्यास किती अवधि लागेल, हें सांगण्याची ज्योतिषाचीहि छाती होणार नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय तोच अवधि आहे. जिचा रक्तदाब एकाएकीं चढला आहे, जिला आंकडी आली आहे, किंवा प्रसूतीनंतर जिचा रक्तस्राव थांबत नाहीं, अशा स्त्रीचें भवितव्य पुष्कळ अंशीं त्या तास-दोन तासांत ठरून जातें. लहान रुग्णालयापाशीं रक्तपेढी नसते, भूल देणारा डॉक्टर प्रत्येक रात्रीं हजर असेलच असें नाहीं. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत हें सर्व असतें, पण तेथें खाटा भरलेल्या आणि परिचारिका थोड्या. अशा स्थितींत काय करतां येतें व काय करतां येत नाहीं, हें जाणून घेणें हें केवळ डॉक्टरांचेंच काम आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या वाचकांच्या घरांतहि सुना आहेत, लेकी आहेत.

गरिबांचाच प्रश्न काय?

‘थोडक्या साधनांचें रुग्णालय’ म्हटलें कीं तें गरिबांचें, असा एक समज सुशिक्षित कुटुंबांत दिसतो. तो खरा नव्हे. दहा खाटांचें, स्वच्छ, गुळगुळीत फरशीचें, ओळखीच्या डॉक्टरांचें खासगी प्रसूतिगृह घ्या. रात्रीं दोन वाजतां तेथें रक्ताची पिशवी लागली तर ती कोठून यावयाची? शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणारे गृहस्थ किती दूर राहतात? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक नसतील, तर त्या रात्रीपुरतें तें प्रसूतिगृहहि थोडक्या साधनांचेंच होय. पैसा खोलीचें भाडें देऊं शकतो. गेलेला अर्धा तास तो परत आणूं शकत नाहीं.

नमुना नोंदणीच्या आंकड्यांवरून पाहतां २०१८ ते २०२० या काळांत महाराष्ट्रांत दर एक लाख जिवंत जन्मांमागें ३३ माता दगावल्या. सबंध देशाचा आंकडा ९७ होता, केरळचा १९. आपला प्रांत पुष्कळांहून पुढें आहे, याचा आनंद अवश्य मानावा. परंतु १९ हा आंकडा याच देशांत शक्य झाला आहे, हेंहि विसरूं नये.

आतां जोखीम कोणाची, तें थोडक्यांत सांगतों. रक्तदाब १४० आणि ९० या अंकांस पोंचलेली, हिमोग्लोबिन सातांच्या खालीं उतरलेली, पूर्वी शस्त्रक्रियेनें प्रसूत झालेली, जुळें असलेली, वार गर्भाशयाच्या मुखाशीं आलेली, मधुमेह, हृदयविकार किंवा अपस्मार असलेली, फार लहान वयाची वा पस्तिशी उलटलेली, अशा सर्व गर्भवती या सदरांत येतात. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. यादींत जिचें नांव नाहीं, अशी धडधाकट पहिलटकरीणहि शेवटच्या घटकेस संकटांत सांपडूं शकते. म्हणून तयारी प्रत्येकीसाठींच असावी लागते.

नागपूरच्या गोळ्या

गरोदरपणांतील रक्तदाबाचा विकार हा मोठा कपटी शत्रु आहे. पांचव्या महिन्यानंतर तो उद्भवतो. मूळ वारेंत असतें, पण परिणाम मेंदू, यकृत, मूत्रपिंड व गर्भ या सर्वांवर होतो. पुष्कळदां स्त्रीस कांहींच जाणवत नाहीं. रक्तदाब १६० किंवा ११० च्या वर गेला म्हणजे मेंदूंत रक्तस्राव होण्याची भीति असते, आणि तो कांहीं तासांच्या आंत उतरविणें अगत्याचें असतें.

त्यासाठीं शिरेंतून द्यावयाचीं औषधें आहेत. परंतु शिरेंतून औषध द्यावयाचें म्हणजे रुग्णाजवळ माणूस बसलें पाहिजे, दर कांहीं मिनिटांनीं रक्तदाब मोजला पाहिजे. नाहीं तर तो एकदम खालीं येऊन गर्भास धोका. जेथें माणसेंच थोडीं, तेथें हें कसें साधावें? हा प्रश्न आपल्याच नागपुरांत हातीं घेण्यांत आला. तेथील दोन सार्वजनिक रुग्णालयांत ८९४ स्त्रियांवर तीन साध्या, तोंडानें घ्यावयाच्या औषधांची तुलना झाली: निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मेथिलडोपा. हें संशोधन २०१९ सालीं ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. सहा तासांच्या आंत, कांहीं अपाय न होतां, निफेडिपिननें शेंकडा ८४, लॅबेटॅलॉलनें ७७ व मेथिलडोपानें ७६ स्त्रियांचा रक्तदाब योग्य मर्यादेंत आला. निफेडिपिन उजवें ठरलें हें खरें. पण लहान रुग्णालयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, तिन्ही गोळ्या उपयोगी ठरल्या. कपाटांत ज्यांपैकीं जी असेल, तिनें आरंभ करतां येतो. ‘औषध नव्हतें’ ही सबब त्यामुळें पुष्कळ दुबळी झाली.

अर्थात् गोळीनें रक्तदाब उतरतो, रोग जात नाहीं. या रोगाचा खरा उपाय प्रसूति हाच. कळा आपोआप येण्याची वाट पाहतां येत नसेल, तर त्या आणवाव्या लागतात. त्याविषयींहि नागपुरांत ६०२ स्त्रियांवर प्रयोग होऊन २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिसोप्रोस्टॉलच्या अल्प मात्रेच्या गोळ्या तोंडानें दिल्यास शेंकडा ५७ स्त्रिया चोवीस तासांच्या आंत नैसर्गिक रीतीनें मोकळ्या झाल्या. रबरी नळीच्या फुग्याची पद्धत वापरली तेव्हां हें प्रमाण ४७ होतें. ज्या ठिकाणीं प्रत्येक शस्त्रक्रिया ही माणसें, रक्त व भूल यांची मोठी मागणी करते, तेथें शंभरांत दहा स्त्रियांचा हा फरक लहान नव्हे.

आंकडी आणि मिठाचें इंजेक्शन

रक्तदाब चढत गेला कीं कधीं कधीं गर्भवतीस आंकडी येते. डोकें असह्य दुखणें, डोळ्यांपुढें काजवे चमकणें, बरगड्यांखालीं पोटांत कळ येणें, चेहरा व हात सुजणें, ही तिची पूर्वसूचना. आंकडीस ‘बाहेरचें कांहीं’ समजून अंगारे-धुपारे करण्यांत आजहि कोठें कोठें वेळ जातो. सुशिक्षित घरांत अंगारा नसतो, पण ‘पित्तानें डोकें धरलें असेल, सकाळीं पाहूं’ असें म्हणण्याची रीत असते. परिणाम दोहोंचा एकच.

या आंकडीवरील सर्वांत उत्तम औषध मॅग्नेशियम सल्फेट हें होय. जुन्या घरांतून जुलाबासाठीं घेतलें जाणारें एप्सम सॉल्ट तें हेंच. मात्र येथें तें शुद्ध स्वरूपांत इंजेक्शनावाटें दिलें जातें. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील प्रयोगांत असें आढळलें कीं, डायझेपामच्या तुलनेंत या औषधानें पुन्हां आंकडी येण्याचें प्रमाण निम्म्यावर येतें. २००२ सालीं ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील प्रयोगानें पुढचें पाऊल टाकलें. आंकडी येण्यापूर्वींच तें दिल्यास आंकडीचा धोका निम्म्याहूनहि कमी होतो, असें त्यांत सिद्ध झालें.

औषध स्वस्त आहे, पण मात्रा अधिक झाली तर श्वास मंदावतो, म्हणून पुष्कळ ठिकाणीं त्याची धास्ती वाटते. ही धास्ती दूर करण्यास महागडी प्रयोगशाळा लागत नाहीं. गुडघ्यावर हातोडीनें हलकें ठोकलें असतां पाय उडतो कीं नाहीं, मिनिटाला श्वास सोळांहून कमी तर होत नाहींत ना, आणि चार तासांत लघवी शंभर मिलिलिटर तरी होते कीं नाहीं, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे झालें. एक हातोडी, एक घड्याळ व एक मोजमापाची पिशवी. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची एक कुपी उशाशीं. भारतीय स्त्रियांचें देहमान लक्षांत घेऊन सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई व त्यांचे सहकारी यांनीं कमी मात्रेची पद्धति २००३ सालीं मांडली, आणि तिची चर्चा देशभर झाली. जागतिक आरोग्य संघटना मात्र पूर्ण मात्रेचाच पुरस्कार करते. परंतु त्याच संघटनेचा एक सल्ला चाकण-कासारवाडीसारख्या रस्त्यांस फार लागू पडतो. पूर्ण उपचार करणें शक्य नसेल तर निदान पहिली मात्रा द्यावी, आणि मगच रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावें. ही पहिली मात्रा देऊन निघालेली स्त्री व ती न देतां निघालेली स्त्री, एकाच रुग्णवाहिकेंतून गेल्या तरी त्यांचा प्रवास एक नसतो.

बेळगांवची पिशवी

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा दुसरा शत्रु, आणि हा तर घड्याळाच्या कांट्याबरोबर धांवणारा. यासंबंधीं आपल्या मराठी सीमाभागांतील बेळगांवानें जगास दोन गोष्टी शिकविल्या आहेत.

पहिली औषधाची. ऑक्सिटोसिन हें इंजेक्शन यावर उत्तम. परंतु तें थंड जागीं ठेवावें लागतें, आणि टोंचण्यास शिकलेला हात लागतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांस यांपैकीं कशाचीच गरज नसते. बेळगांव भागांतील खेड्यांत साध्या परिचारिकांनीं १,६२० स्त्रियांची प्रसूति केली. त्यांपैकीं अर्ध्या स्त्रियांस मूल होतांच या गोळ्या दिल्या, अर्ध्यांस औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या दिल्या. २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अतिरक्तस्रावाचें प्रमाण शेंकडा १२ वरून ६.४ वर आलें, आणि अत्यंत गंभीर रक्तस्रावाचें १.२ वरून ०.२ वर.

दुसरी गोष्ट मोजण्याची. प्रसूतींत किती रक्त गेलें हें डॉक्टर व सुइणी पिढ्यान्‌पिढ्या नजरेनें ठरवीत आल्या. बेळगांवच्या मंडळींनीं बाळंतिणीखालीं पसरावयाची, खालीं निमुळती होत गेलेली, मापाच्या रेषा असलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरली. ताडून पाहिल्यावर आढळलें कीं, नजरेचा अंदाज खऱ्या मापापेक्षां एक-तृतीयांशानें कमी येतो. म्हणजे साडेसातशें मिलिलिटर रक्त गेलें असतां जवळचें माणूस ‘पांचशें असेल’ म्हणून स्वस्थ बसतें. मनुष्याच्या डोळ्यावर एवढा भरंवसा टाकणें किती महाग पडत असेल, याची कल्पना करावी.

याच पिशवीच्या तत्त्वावर पुढें केनिया, नायजेरिया, टांझानिया व दक्षिण आफ्रिका या देशांतील ऐंशी रुग्णालयांत दोन लाखांवर स्त्रियांचें निरीक्षण झालें आणि २०२३ सालीं त्याचें फळ जगापुढें आलें. पिशवीनें रक्त मोजावयाचें. रेषा ओलांडतांच गर्भाशय चोळणें, तें आकुंचित करणारें औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेंतून द्रव आणि कारण शोधण्यासाठीं तपासणी, हें सर्व एकामागून एक नव्हे, तर एकदम करावयाचें. एवढ्यानें गंभीर रक्तस्राव व त्याचे दुष्परिणाम शेंकडा साठांनीं घटले. यांतील एकहि उपाय नवीन शोधलेला नव्हता. नवी होती ती शिस्त.

रक्त कमी तेथें धीर कमी

रक्तस्राव सर्वांस सारखाच मारक नसतो. जिचें हिमोग्लोबिन बारा आहे, तिला अर्धा लिटर रक्त गेल्यास थकवा येईल. जिचें सात आहे, तिचा प्राणच कंठाशीं येईल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील गर्भवतींपैकीं शेंकडा ४५.७ पांडुरोगी आढळल्या. पैसा आहे तेथें हा रोग नाहीं, असें मुळींच नाहीं. उपासतापास, चहावर भागविलेली न्याहारी आणि सर्वांचें झाल्यावर उरलेसुरलें जेवण्याची गृहिणीची संवय, हीं कारणें सुखवस्तु घरांतहि आहेतच.

अळू, शेपू, हळीव, गूळ-खजूर यांचा मान आहारांत राखावा. पण एकदां रक्त फार कमी झाल्यावर केवळ हळिवाच्या लाडवांवर विसंबूं नये. लोहाची रोजची गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी, चहा किंवा दुधाबरोबर घेऊं नये. गोळी सोसत नसेल, किंवा दिवस भरत आले असतील, तर शिरेंतून लोह देण्याची सोय आतां आहे. रक्तपेढी दूर असलेल्या रुग्णालयास सर्वांत मोठी मदत हीच कीं, तेथें येणाऱ्या स्त्रीच्या अंगांत रक्ताची शिल्लक असावी. ही शिल्लक सहा महिने अगोदर घरच्या स्वयंपाकघरांतच टाकावी लागते.

पाठवणी

रुग्णास मोठ्या ठिकाणीं पाठविणें हाहि एक उपचारच आहे. मातामृत्यूस कारणीभूत होणारे विलंब तीन सांगतात: घरांतून निघण्याचा निर्णय घेण्यास लागलेला, वाटेंत झालेला आणि रुग्णालयांत पोंचल्यावर उपचार सुरू होण्यास लागलेला. यांपैकीं दुसऱ्या विलंबासाठीं महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण गाडी वेळेवर आली तरी पाठवणी नीट झाली असें होत नाहीं. शिरेंत सुई बसवून, पहिलें औषध देऊन, कोणतें औषध किती वाजतां दिलें हें कागदावर लिहून, पुढच्या रुग्णालयास दूरध्वनीनें वर्दी देऊन आणि शक्य तर परिचारिका बरोबर देऊन जी केली, ती पाठवणी. नुसतें ‘येथें होणार नाहीं, पुढें न्या’ असें सांगणें ही पाठवणी नव्हे, ती बोळवण. वर्दी अगोदर मिळालेलें रुग्णालय रक्ताचा गट जुळविण्याची व शस्त्रक्रियागृहाची तयारी करून ठेवूं शकतें. तिसरा विलंब तेथेंच अर्धा कमी होतो.

रुग्णालयाचा हात त्याच्या भिंतींबाहेर पोंचला पाहिजे, हें आपल्या भागास नवें नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीं १९७० च्या दशकांत शिरूर तालुक्यांतील वढू येथें खेड्यांतल्याच स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण देऊन हेंच कार्य उभारलें. १९९३ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्याहीपूर्वीं, १८८६ सालीं, अमेरिकेंत डॉक्टरीची पदवी घेतांना डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्यांचें स्वतःचें मूल जन्मल्यावर दहाच दिवसांत गेलें होतें.

घरचें कर्तव्य

पहिला विलंब मात्र कोणत्याहि सरकारास किंवा रुग्णालयास दूर करतां येत नाहीं. तो आपल्या माजघरांत घडतो. त्याविषयीं चार शब्द लिहून हा लेख पुरा करतों.

पहिलें बाळंतपण माहेरीं, ही आपली गोड रीत आहे. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण होतें आणि मुलगी माहेरीं जाते. पण नेमक्या याच सुमारास रक्तदाबाचा विकार डोकें वर काढीत असतो, आणि नेमका याच वेळीं तिचा डॉक्टर बदलतो. कासारवाडीच्या चाळींतून लातूर-परभणीकडे जाणाऱ्या कामगाराच्या बायकोची जी गोष्ट, तीच सदाशिव पेठेंतून नागपुरास जाणाऱ्या पदवीधर मुलीची. रीत मोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. ओटी भरतांना तींत तपासणीचे सर्व कागद, माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि शेवटच्या तीन रक्तदाबांची नोंद हींहि असावींत, आणि माहेरीं पोंचल्यावर आठवड्याच्या आंत तेथील डॉक्टरांस प्रकृति दाखवावी, एवढेंच मागणें आहे.

प्रसूतिगृह ठरवितांना खोलीबरोबर चार प्रश्न विचारावेत. रात्रीं डॉक्टर कोण असतात? रक्त किती वेळांत मिळतें? मॅग्नेशियम सल्फेट व ऑक्सिटोसिन कपाटांत आहे ना? आणि न साधल्यास कोठें पाठवितां? चांगल्या डॉक्टरांस या प्रश्नांचा राग येत नाहीं. उलट, घरचीं माणसें जागीं आहेत याचें त्यांस समाधान वाटतें.

आपल्या घरीं धुणीं-भांडीं करणारी बाई गरोदर असेल, तर तिचीहि विचारपूस आपलीच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्यसंस्थांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. ही योजना २०१६ पासूनची. २०११ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी यांचा खर्च घेतला जात नाहीं. तिला त्या दिवशीं पगार न कापतां सुट्टी द्यावी, आणि परत आल्यावर कार्डावरील रक्तदाबाचा अंक आपण वाचून पाहावा. वाचतां येणाऱ्या माणसाचा एवढा उपयोग तरी व्हावा. घरांतील तरुणांनीं वर्षांतून दोनदां रक्तदान केलें, तर कोणत्या रात्रीं कोणाच्या लेकीस तें मिळेल हें सांगतां येणार नाहीं. पण तें मिळेल, हें नक्की.

वर सांगितलेल्या औषधांपैकीं कोणतेंहि औषध घरीं, आपल्या बुद्धीनें देऊं नये, हें वेगळें सांगावयास नकोच. औषध डॉक्टरांचें, वेळ मात्र आपली. नागपूर, सोलापूर व बेळगांव येथील डॉक्टरांनीं थोडक्या साधनांत काय साधतें तें दाखवून दिलें आहे. त्यांच्या हातीं रुग्ण वेळेवर पोंचवणें, हें साधन तेवढें आपल्या हातीं आहे, आणि त्याचा तुटवडा पडूं देणें आपणांस शोभणार नाहीं.